‘सोडून दे’ म्हणण्याआधी



‘सोडून दे’ हे दोन शब्द आपल्या घरांत दिवसातून किती वेळा उच्चारले जातात, हे कधी मोजून पाहिले आहे का? रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त घेतले, सोडून दे. मावशीने लग्नाचे आमंत्रण नीट केले नाही, जाऊ दे, सोडून दे. ऑफिसात आपल्या कामाचे श्रेय दुसऱ्यानेच घेतले, सोडून दे. या शब्दांनी आपली पुष्कळ भांडणे मिटवली आहेत आणि पुष्कळ रात्रींची झोप वाचवली आहे. साधनेच्या वाटेवर तर त्यांचा अर्थ आणखी मोठा होतो. त्याग, अनासक्ती, क्षमा, समर्पण या सगळ्यांत काहीतरी सोडणे असतेच.

या संकेतस्थळासाठी इंग्रजी प्रवचनांचा मराठी अनुवाद करण्याची सेवा मी करते. ‘लेट गो’ असे आले की माझी बोटे आपोआप ‘सोडून द्या’ असे टंकतात. तेव्हा आजचा लेख मी थोडासा स्वतःच्याच सवयीविरुद्ध लिहिते आहे असे समजा. ज्याला आतवर इजा झालेली आहे त्याला ‘सोडून दे’ असे म्हणण्याचा अधिकार कुणाला असतो? आणि कधी असतो?

मी पेरुंगुडीत राहते. चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, म्हणजे इथल्या सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘ओएमआर’वर, हा भाग आहे. पुढच्या बाजूला काचेच्या आयटी इमारती आणि मागच्या गल्ल्यांत मुलामुलींची पीजी वसतिगृहे. पलीकडे पळ्ळीकरणैची पाणथळ, आणि तिच्याच कडेला शहराचा जुना कचरा डेपो. वीस-बावीस वर्षांची मुले साऱ्या देशातून इथे येतात. पगार बरा असतो, खोली लहान असते, आणि रोज संध्याकाळी घरून फोन येतो, ‘जेवलीस का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटले की घरच्यांचे समाधान होते.

माझ्या शेजारच्या खोलीत एक मराठी मुलगी राहते. (पुढचे तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) एका रात्री वीज गेली होती, आम्ही दोघी गच्चीवर बसलो होतो. बोलता बोलता तिने लहानपणचे काहीतरी सांगायला सुरुवात केली. घरी नेहमी येणाऱ्या-जाणाऱ्या एका मोठ्या माणसाविषयी. चार-पाच वाक्ये झाली असतील. मला काय बोलावे सुचेना, आणि सुचेनासे झाले की आपण पाठ असलेले बोलतो. मी म्हणाले, “अगं, सोडून दे ना आता. इतकी वर्षं झाली. त्याचं कर्म त्याच्यापाशी. रविवारी माझ्याबरोबर ध्यानाला ये, बघ कसं हलकं वाटेल.”

ती म्हणाली, “हो, येईन.” वीज आली. पुढचे तीन आठवडे ती माझ्याशी फक्त पाण्याच्या कॅनबद्दल बोलली. आज कुणी मागवायचा, पैसे कुणी द्यायचे.

माझा हेतू वाईट नव्हता. आपल्या परंपरेतली सर्वांत मौल्यवान गोष्ट मी तिला दिली, असेच मला त्या रात्री वाटले होते. तिला मात्र त्यात एवढेच ऐकू आले होते की ‘आता बोलणे थांबव’. हे तिने मला पुष्कळ नंतर सांगितले.

मधल्या काळात आमच्या केंद्रात स्वयंसेवकांसाठी एक सत्र झाले. पेरुंगुडीतच तरुण मुलांचे समुपदेशन करणाऱ्या एक थेरपिस्ट आल्या होत्या. इथल्या रीतीने सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांनी सुरुवातीलाच सांगितले, “मी चाळीस मिनिटं बोलणार आहे. काही भाग जड वाटेल, तो येण्याआधी मी सांगेन. दार उघडंच राहील. कुणाला मध्येच बाहेर जावंसं वाटलं तर जा, कारण सांगायची गरज नाही. खुर्च्या हव्या तशा हलवा.” आम्ही ते सौजन्य समजलो. शेवटी त्या हसून म्हणाल्या, “माझी पद्धत तुम्ही पहिल्या मिनिटातच पाहिलीत. उरलेली एकोणचाळीस मिनिटं मी तिचाच अर्थ सांगत होते.”

या पद्धतीला ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ म्हणतात. त्याचे मराठी करताना मी अडले. ‘आघात’ म्हटले तर बसलेला तडाखा डोळ्यांपुढे येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र जखम असा आहे, तडाखा संपल्यावर शरीरात मागे उरते ती. म्हणून मी तूर्त ‘घावाची जाण ठेवून’ असे म्हणते. समोर आलेल्या माणसाच्या अंगावर न दिसणारी जखम असू शकते हे धरून चालायचे, आणि आपल्या हातून तिला पुन्हा धक्का लागणार नाही अशा रीतीने बसायचे, बोलायचे, विचारायचे.

हा विचार फार जुना नाही. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या दुःस्वप्नांना आणि दचकण्याला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या अधिकृत सूचीत आजाराचे नाव दिले ते १९८० मध्ये. १९९२ मध्ये ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी एका पुस्तकात दाखवून दिले की रणांगणावरच्या सैनिकाचे आणि घरातच छळ सोसलेल्या बाई-मुलांचे हाल एकाच जातीचे असतात. बरे होण्याचे तीन टप्पे त्यांनी सांगितले. आधी सुरक्षितता, मग आठवणे आणि शोक करणे, मग पुन्हा माणसांत येणे. १९९८ मध्ये फेलिट्टी आणि आंडा यांचा सॅन डिएगोतला मोठा अभ्यास प्रसिद्ध होऊ लागला. त्यात पुढे सतरा हजारांवर प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले गेले, आणि सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी मारहाण, अत्याचार, घरातले व्यसन अशांपैकी एक तरी अनुभव सांगितला. ही बहुतेक नोकरी करणारी, विमा असलेली, चारचौघांसारखी माणसे होती. ही संख्या ऐकल्यापासून ध्यानाच्या सभागृहातल्या रांगांकडे मी वेगळ्या नजरेने पाहते.

अक्कांच्या खोलीत काय घडते ते सांगते, कारण मला सर्वांत जास्त शिकवले ते त्या बारीकसारीक गोष्टींनी. येणाऱ्याला दार दिसेल अशी खुर्ची असते. कुठे बसायचे ते तो ठरवतो. पहिल्या भेटीत त्या ‘काय झालं ते सगळं सांग’ असे म्हणत नाहीत. किती वेळ बोलायचे, काय गुप्त राहील आणि काय राहू शकणार नाही, हे आधी स्पष्ट करतात. कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा अठरा वर्षांखालील मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले, तर गप्प राहता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवावेच लागते. बाकीचे खोलीतच राहते. फी आई-वडील भरत असले आणि ते फोन करून ‘काय म्हणतोय आमचा मुलगा?’ असे विचारत असले, तरीसुद्धा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. पण आपल्याकडे एकवीस वर्षांच्या मुलाला आई-बापांपासून काही लपवण्याचा हक्क आहे, हे त्या मुलालाच पटत नाही. अक्का घर तोडायला शिकवत नाहीत. त्या एवढेच विचारतात, “घरी यातलं काय सांगायचं, आणि कधी, हे आपण मिळून ठरवूया का?”

मग ‘तुझं काय बिघडलंय?’ याऐवजी ‘तुझ्यासोबत काय घडलं?’ असे त्या विचारतात, आणि त्याच्याही आधी ‘आज यावर बोलायचं आहे का?’ असे विचारतात. नको म्हटले तर त्या दिवशी झोपेविषयी बोलणे होते, मेसच्या जेवणाविषयी होते. बोलताना समोरच्याचा श्वास अडखळू लागला, नजर कुठेतरी दूर गेली, तर त्या गोष्ट तिथेच थांबवतात. पाय जमिनीला टेकलेले जाणवतात का? खोलीत निळ्या रंगाच्या किती वस्तू आहेत? डॅनियल सीगल या मानसोपचारतज्ज्ञाने १९९९ मध्ये यासाठी खिडकीची कल्पना मांडली. माणूस जेवढे सोसून भानावर राहू शकतो तेवढी त्याची खिडकी. त्या चौकटीच्या बाहेर गेल्यावर तो ऐकत नसतो, शिकत नसतो, फक्त तगून राहत असतो. त्या अवस्थेत सांगितलेले उत्तमातले उत्तम तत्त्वज्ञानही वाया जाते.

इथे मला अर्जुन आठवला. गीतेच्या पहिल्या अध्यायात त्याच्या शरीराचे जे वर्णन येते ते पुन्हा एकदा सावकाश वाचून पाहा. गात्रे ढिली पडली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, हातातून गांडीव निसटते आहे, उभे राहवत नाही, मन गरगरते आहे. मी अर्जुनाला रुग्ण ठरवत नाही. पण व्यासांनी विषाद आधी शरीरात दाखवला, हे मात्र खरे. आणि मग काय होते? दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण त्याला झिडकारतात, ही दुर्बलता तुला शोभत नाही म्हणतात. साक्षात भगवंतांचे बोलणे, तरी ते लागू पडत नाही! अर्जुन पुन्हा आपली बाजू मांडतो, मला काही कळेनासे झाले आहे म्हणतो, स्वतःहून शिष्यत्व मागतो, ‘लढणार नाही’ असे सांगतो आणि गप्प होतो. त्यानंतर कुठे भगवंत, जणू स्मित करत, बोलू लागतात. पहिल्या अध्यायाचा उत्तरार्ध जवळजवळ पूर्ण अर्जुनाचाच आहे. दोन सैन्यांच्या मध्ये रथ उभा करून त्याला तेवढे बोलू दिले गेले. मी गच्चीवर पाच वाक्यांनंतर उपदेश सुरू केला होता.

ऐकण्याच्या या शिस्तीचा चेन्नईला चांगला वारसा आहे. डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये इथे ‘स्नेहा’ ही आत्महत्या-प्रतिबंधाचे काम करणारी संस्था सुरू केली. ती स्वयंसेवकांच्या बळावर चालते. फोन करणाऱ्याचे निवाडा न करता ऐकायचे, त्याच्या वतीने निर्णय घ्यायचे नाहीत, हे त्यांचे काम. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा याच संस्थेचे प्रशिक्षित स्वयंसेवक आप्त गमावलेल्या कुटुंबांना भेटत राहिले. त्याच सुमाराला जगभरच्या तज्ज्ञांमध्ये एक जुनी समजूत मोडीत निघत होती. संकटातून वाचलेल्याला लगेच एका बैठकीत सगळे सविस्तर बोलायला लावले की मन मोकळे होते, असे आधी मानले जाई. अभ्यासांतून दिसले की त्याने लाभ होत नाही, काहींना उलट अपायच होतो. आता जागतिक आरोग्य संघटना आधी पाहा, ऐका आणि मदतीशी जोडून द्या असे सांगते. पाणी, अंथरूण, हरवलेल्या माणसाची चौकशी, जवळ बसणे. बोलायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

एक गोष्ट मला अनुवादक म्हणून विशेष वाटली. अक्का तमिळ, त्यांच्याकडे येणारी मुले तेलुगू, मल्याळी, ओडिया, मराठी. बोलणे बहुतेक इंग्रजीत होते. अक्का म्हणाल्या की पुष्कळ मुले इंग्रजीत अगदी सरळ, अहवाल वाचावा तसे सांगतात. परक्या भाषेचे हातमोजे घातले की जखमेला हात लावता येतो. मग एखाद्या ठिकाणी गाडी अडते, कारण तिथला शब्द फक्त मायबोलीत असतो. त्या माणसाला ज्या नात्याने हाक मारायची तो शब्द, किंवा त्या वेळी आई जे म्हणाली ते. अक्का तेव्हा सांगतात, “तुझ्याच भाषेत म्हण. मला कळलं नाही तरी चालेल.” कधी कधी तो एक शब्द उच्चारायला तीन भेटी लागतात. माझ्या शेजारणीने गच्चीवर ती पाच वाक्ये मराठीत सांगितली होती. तिच्या दृष्टीने ते किती मोठे पाऊल होते, हे मला हे ऐकल्यावर कळले. आणि त्याच मराठीत मी तिला ‘सोडून दे’ म्हणाले होते, बहुधा तिच्या घरीही तिने हेच दोन शब्द ऐकले असतील. (ऐकले होते.)

तुम्ही म्हणाल, मग संतांनी क्षमा सांगितली ती चुकीची का? मुक्ताबाईच आठवा. परंपरा सांगते की लोकांच्या निंदेने व्यथित झालेल्या ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली, आणि बाहेरून धाकट्या मुक्ताबाईने ती उघडण्याची विनवणी केली. ते ताटीचे अभंग. त्यांत ती सहन करायलाच सांगते, क्षमा करायलाच सांगते. मग मी म्हणाले तेच तर ती म्हणत नाही का?

मी यावर बराच विचार केला. मला दिसले ते असे. मुक्ताबाई त्याच घरातली आहे. संन्याशाची पोरे म्हणून जी हेटाळणी ज्ञानदेवांच्या वाट्याला आली ती तिच्याही आली. आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले ते तिचेही आई-वडील होते. तिच्या अंगावर तोच घाव आहे. माझ्या अंगावर तो नव्हता. दुसरे असे की ती ताटी मोडत नाही. काड्या-कुडाची असेल ती, एका धक्क्याने पडली असती. ती बाहेर थांबते, पुन्हा पुन्हा हाक मारते, आणि ताटी उघडतात ते ज्ञानदेवच, आतून. आणि तिसरे म्हणजे, ज्यांना ती हे सांगते ते ज्ञानदेव आहेत. नऊ वर्षांचे मूल नव्हे. अभंगांतला उपदेश आपण उचलला. तो कुणी, कुणाला, कुठे उभे राहून केला हे मात्र आपण मागेच ठेवले, असे मला वाटते.

सत्रानंतर चहाच्या वेळी एका ज्येष्ठ साधकांनी एक आक्षेप घेतला. मला तो महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे मांडते. ते म्हणाले, “आजकाल परीक्षेत गुण कमी पडले तरी ट्रॉमा, मैत्रीण बोलली नाही तरी ट्रॉमा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. तुम्ही या पिढीला काचेची करून ठेवणार.” मी त्याच पिढीतली आहे, त्यामुळे थोडा राग आला. पण त्यांच्या पहिल्या वाक्यात तथ्य आहे. शब्द फार सैल वापरला जातो. मानसशास्त्रातही निक हॅस्लम यांनी २०१६ मध्ये दाखवले की अशा संज्ञांचे अर्थ पसरत चालले आहेत. अक्काही येणाऱ्या मुलांना हा शिक्का देत नाहीत. अपयश, विरह, अपमान यांनी दुःख होते, आणि बहुतेक दुःखे मित्र, वेळ, काम, प्रार्थना यांनी बरी होतात. तिथे ‘सोडून दे’ हा चांगला सल्ला आहे आणि मी तो यापुढेही देईन. तरी तरुणांची दुःखे हलक्याने घेण्यासारखी परिस्थिती नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवले. सर्वाधिक महाराष्ट्रात, त्याखालोखाल तमिळनाडूत. (आपल्यापैकी कुणी किंवा ओळखीचे कुणी त्या टोकाजवळ असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते.)

टाकीच्या म्हणीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. मूर्तिकाराच्या मनात मूर्ती असते. कुठे मारायचे, किती जोराने, कुठे थांबायचे हे तो जाणतो. त्या लहान मुलीला ज्याने इजा केली त्याच्या मनात कुठली मूर्ती होती? तिच्या घावांना आपण तप म्हणू लागलो तर त्याच्या हाताला टाकी म्हणावे लागेल. हे मला मान्य होत नाही. तितिक्षा हा मोठा गुण आहे, पण तो साधक स्वतः अंगीकारतो, लादलेले सोसणे म्हणजे तितिक्षा नव्हे. त्या मुलीने त्या वेळी ओरडायला हवे होते असे काही जण म्हणतात, आणि ती स्वतःही स्वतःला हाच दोष देत होती. अक्कांकडून मी शिकले की भयाच्या टोकाला शरीर लढते, पळते किंवा गोठते, आणि यांतले काय होईल हे बुद्धीला विचारले जात नाही. सापापुढे बेडूक गोठतो, त्याला आपण भित्रा म्हणत नाही. गोठणे ही संमती नव्हती, दुबळेपणाही नव्हता.

वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून एक उदाहरण सुचते, ते लिहू देत. हिशेबाच्या वहीतले बुडीत येणे काढून टाकायचे असेल, तर आधी ते येणे वहीत लिहिलेले असावे लागते. जे कधी नोंदलेच नाही ते काढणार कसे? आणि ते काढून टाकण्याचा अधिकार ज्याचे पैसे बुडाले त्याचा, शेजारच्या दुकानदाराचा नव्हे. शिवाय बँक जेव्हा कर्ज ‘राइट ऑफ’ करते तेव्हा ती कर्जमाफी नसते. वही स्वच्छ होते, वसुलीचा हक्क शिल्लक राहतो. मनाचेही असेच असू शकते. एखादी मुलगी आतला द्वेष उतरवून ठेवील आणि तरीही पोलिसांत तक्रार करील, किंवा त्या माणसाच्या घरच्या कार्याला जाणार नाही. तिने क्षमा केली नाही असे म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

आता आपल्या साधनेविषयी, जपून. शांत बसून डोळे मिटणे आपल्यासाठी घरी परतण्यासारखे असते. काहींसाठी तो अंधार वेगळा असतो. श्वासाकडे लक्ष नेले की त्यांना तो जुना कोंडलेला श्वास आठवतो. २०१८ मध्ये डेव्हिड ट्रेलीव्हन यांचे नेमके याच विषयावर पुस्तक आले. त्याचा सूर ध्यान सोडा असा नाही, ज्याच्या अंगावर घाव आहे त्याला पर्याय द्या असा आहे. डोळे उघडे ठेवून जमिनीवर नजर ठेवता येते. श्वासाऐवजी तळपायांच्या स्पर्शाकडे, पक्ष्यांच्या आवाजाकडे लक्ष देता येते. पाठीवर हात ठेवण्याआधी विचारता येते. मी मराठी सूचनांमध्ये ‘डोळे मिटा’च्या जागी ‘डोळे मिटा, किंवा हवे असल्यास उघडे ठेवून समोर जमिनीवर नजर स्थिर करा’ असे करावे का, हे संपादक मंडळाला विचारले. एकजण म्हणाले की मूळ वाक्यात हे नाही, अनुवादकाने भर घालू नये. त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते. चर्चा तीन आठवडे चालली. शेवटी मूळ सूचनेच्या आरंभी एक वेगळी टीप देण्याचे ठरले, आणि मला वाटते तेच अधिक प्रामाणिक झाले. त्यासोबत हेही ठरले की कुणी स्वयंसेवकाने थेरपिस्टची भूमिका घ्यायची नाही. ऐकायचे, सोबत बसायचे, आणि जाणत्या माणसाकडे जायला मदत करायची.

राहिला समर्पणाचा प्रश्न. सत्रात कुणीतरी विचारले होते की ईश्वराला सर्व अर्पण केले तर जखमही अर्पण होणार नाही का? अक्का थोडा वेळ थांबल्या. म्हणाल्या, “होईल. पण ज्याच्याकडून आधीच सगळं हिसकावून घेतलंय, त्याला ‘दे’ म्हणण्याआधी त्याच्या हातात काहीतरी परत येऊ द्या. माझ्या खोलीत मी एवढंच करते. खुर्ची कुठली, गोष्ट किती, थांबायचं कधी, हे त्याला ठरवू देते. इतक्या लहान गोष्टींपासून सुरुवात होते.”

घरी येऊन मी गीतेचा अठरावा अध्याय काढला. शरणागतीचा तो प्रसिद्ध श्लोक सहासष्टावा. त्याच्या तीनच श्लोक आधी, त्रेसष्टाव्यात, भगवंत अर्जुनाला म्हणतात की मी सांगितलेल्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा होईल तसे कर. सातशे श्लोक होत आलेले, सांगणारे स्वतः भगवंत, आणि तरी निर्णय अर्जुनाच्या हातात दिला जातो. शरण ये हे त्यानंतर येते. हा क्रम मी इतकी वर्षे पाहूनही पाहिला नव्हता. ज्याची इच्छाच कधीतरी मोडली गेली आहे, त्याच्याकडून आधी समर्पण मागणे म्हणजे त्रेसष्टावा श्लोक गाळून सहासष्टावा वाचणे.

शेजारणीची मी माफी मागितली. जिन्यात, कपडे वाळत घालायला जाताना. म्हणाले, “त्या दिवशी मी तुला बोलू दिलं नाही. चुकलं माझं. तुला कधी वाटलं तर मी ऐकेन, नाही वाटलं तरी काही नाही.” ती “ठीक आहे गं” म्हणाली आणि बादली उचलून वर गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी तिने अक्कांचा पत्ता मागितला. तिथे काय बोलणे होते ते मी विचारत नाही. कधी कधी परत आल्यावर ती बारा तास झोपते, तेव्हा तिचा डबा मी घेऊन ठेवते.

कचरा डेपोवर यंत्रांनी जुना कचरा उकरून, चाळून वेगळा करण्याचे काम हाती घेतले गेले. २०२२ च्या एप्रिलमध्ये तिथे आग लागली होती, काही दिवस धुमसत होती. वारा त्या बाजूने असला की आम्ही अजूनही खिडक्या लावून घेतो. गेल्या रविवारी वारा समुद्राकडून होता. केंद्राच्या खिडक्या उघड्या होत्या. ध्यान सुरू होण्याच्या दोन मिनिटे आधी ती आली, कुणाला काही न विचारता शेवटच्या रांगेतली दाराजवळची खुर्ची भिंतीला लावून घेतली आणि बसली. मी पुढे सूचना वाचत होते. मध्ये एकदा मान वर केली तेव्हा तिचे डोळे उघडे होते, खिडकीबाहेरच्या नारळाकडे. दहा मिनिटांनी ती उठून बाहेर गेली. थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. परत आली होती.